कौशल्याचा खेळ

चार वर्षांत मी पोकरमध्ये 1 लाख 86 हजार 400 रुपये जिंकलो. आकडा इतका नेमका माहीत आहे, कारण मी एक्सेलमध्ये हिशेब ठेवायचो. कुठल्या शनिवारी कोण कितीनं वर, कोण कितीनं खाली. हिरवे आकडे, लाल आकडे. हे कॅसिनोत नाही, मोबाइलवरही नाही. बावधनमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाची ताटं उचलली की त्याच टेबलावर बनातीचा हिरवा तुकडा अंथरून. म्हणजे हे सगळे पैसे माझ्या सहा मित्रांच्या खिशातून आले. दुसरीकडून कुठून येण्याची सोयच नव्हती.

हे शेवटचं वाक्य स्वतःशी म्हणायला मला बराच काळ लागला. तेव्हा मी म्हणायचो, "पोकरमध्ये पैसे सुटतात रे थोडेफार." जणू पोकर नावाचं एखादं एटीएम कोपऱ्यावर आहे.

पत्ते घरात होतेच. मे महिन्यात दुपारी मेंढीकोट, बदाम सात, पाच-तीन-दोन, आणि आजी झोपली की झब्बू. पण पैशाचे पत्ते मी पहिल्यांदा पाहिले ते डोंबिवलीहून सुटणाऱ्या आठ-तेराच्या फास्टमध्ये, मामाच्या डब्यात. मी तेव्हा कॉलेजात होतो, मामाबरोबर व्हीटीपर्यंत जायचो. चौघं समोरासमोर, मध्ये गुडघ्यांवर रेक्झिनची ब्रीफकेस आडवी, तिच्यावर कालचा पेपर. गाडी सुटली की पिसणं, ठाण्याला पहिला डाव मोडलेला, भायखळ्याला शेवटची पानं खाली आणि हिशेब. रमी, पॉइंटला दहा पैसे. उभे असलेले चारसहा जण वाकून बघणारे, त्यातला एखादा न राहवून "अहो, सत्ती टाका ना" म्हणणारा, आणि त्याच्याकडे सगळ्यांनी मिळून बघणं.

पैसे गाडीत कोणी काढत नसे. एक तर पोलिसांची भीती, आणि थोडी लाजही. त्याऐवजी एक वही होती, पिवळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी. बँकेत कॅशियर असलेले एक गृहस्थ ती सांभाळायचे, त्यांना सगळे 'खजिनदार' म्हणत. हिशेब मिटवायचा तो दसऱ्याला. जे वर असतील त्यांनी जिंकलेल्याचा चौथा हिस्सा डब्याच्या पूजेला द्यायचा. हार, नारळ, खिडकीच्या गजांना झेंडूची तोरणं आणि पूर्ण डब्याला पेढे. त्यामुळे मामा एखाद्या वर्षी पाचशे रुपयांनी वर असला तरी घरी त्याचे पावणेचारशेच यायचे, आणि मामी ते लगेच ताब्यात घ्यायची.

त्या वहीचा एक नियम होता. कोणाचा लाल आकडा ठरावीक रकमेच्या वर गेला, किंवा घरात काही अडचण आहे असं कळलं, की खजिनदार त्या माणसाचं पान दुमडायचे आणि म्हणायचे, "तुमची वही बंद." वाद नाही. एका काकांची बायको परळला हॉस्पिटलात होती, त्यांची वही सहा महिने बंद राहिली. पण त्यांची जागा गेली नाही. खिडकीशेजारची दुसरी सीट त्यांचीच. ते रोज यायचे, पिसायचे, वाटायचे, इतरांचे गुण मांडायचे, कधी खेळायचेही. फक्त त्यांचं हरणं-जिंकणं कोणी वहीत लिहीत नसे. मला त्या वयात हे बावळटपणाचं वाटायचं. पैसे नाहीत तर खेळायचं कशाला?

याच माणसांना आकडा लावणाऱ्यांचा मात्र मनापासून तिटकारा. मामा गिरणगावात वाढलेला, त्यानं मटका जवळून पाहिलेला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव काय येतो यावर मुंबईत पैसे लावण्यापासून हे सुरू झालं. पुढे कल्याणजी भगत आणि रतन खत्री या नावांभोवती त्याचं साम्राज्य झालं, भावाच्या जागी माठातून चिठ्ठ्या आणि मग पत्ते काढायला लागले. ओपन, क्लोज, जोडी, पाना. एकेरी आकडा लागला तर एकाला नऊ मिळायचे. आकडे दहा आणि भाव नऊचा. म्हणजे गिरणीतल्या माणसानं लावलेल्या दर दहा रुपयांतला एक हमखास वर जायचा, आणि तो कोणाकडे जातो हे त्याला दिसायचं नाही. "आमच्यात निदान कोण घेतंय ते दिसतं," मामा म्हणायचा. या वाक्याकडे मी पुढे फिरून येणार आहे.

कायद्यानं या सगळ्याची वाटणी फार सोपी करून ठेवली आहे. नशिबावर चालतो तो जुगार, बुद्धीवर चालतो तो खेळ. मुंबई प्रांताचा 1887 चा जुगारबंदीचा कायदा आजही महाराष्ट्रात चालतो आणि त्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. 1968 मध्ये सुप्रीम कोर्टानं रमीबद्दल सांगितलं की यात पानं लक्षात ठेवावी लागतात, काय धरायचं आणि काय टाकायचं याला अक्कल लागते, सबब हा मुख्यतः कौशल्याचा खेळ. त्याच निकालात तीन पत्त्यांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाच्या बाजूला गेला. म्हणजे मामाची रमी सुटली आणि दिवाळीतली तीन पत्ती अडकली. पोकरचं तर प्रांतागणिक वेगळं. पश्चिम बंगालच्या 1957 च्या कायद्यात जुगाराच्या व्याख्येतून ब्रिज, रमी आणि पोकर नाव घेऊन वगळलेत. गुजरातच्या हायकोर्टानं 2017 मध्ये पोकर हा जुगारच ठरवला. पत्ते तेच बावन्न. हावडा-अहमदाबाद एक्स्प्रेसमध्ये डाव मांडला तर वाटेत कुठल्या तरी स्टेशनावर कौशल्य उतरून जात असणार.

आमच्या टेबलावर हा 'कौशल्या'चा मुद्दा फार लाडका होता. कोणाची बायको कुरकुरली की आम्ही एकसुरात सांगायचो, जुगार नाही हो वहिनी, गणित आहे. आणि ते खोटं नव्हतं. प्रत्येकाला दोन पानं झाकलेली, टेबलावर टप्प्याटप्प्यानं पाच उघडी, सातांतून सर्वोत्तम पाचांचा हात. मध्ये बोलीच्या चार फेऱ्या. सुरुवातीलाच दोन एक्के हातात यायची शक्यता 221 मध्ये एक. दोन एक्क्यांविरुद्ध दोन राजे असतील तर एक्के शंभरातून साधारण 82 वेळा जिंकतात, म्हणजे अठरा वेळा हरतातही, आणि त्या अठरांतली एखादी वेळ माणसाला वर्षभर सांगायला पुरते. एका रात्रीत नशीबच. पण शंभर रात्री घेतल्या की नशीब सगळ्यांना सारखं वाटलं जातं आणि खाली उरतो तो माणसामाणसातला फरक. माझं एक्सेल तेच दाखवत होतं.

मग एकदा पाडव्याला सासुरवाडीला तीन पत्ती चालली होती. या दिवसाचं पंचांगातलं एक नाव द्यूतप्रतिपदा, शंकर-पार्वती या दिवशी सारीपाट खेळले म्हणून. खेळायला निमित्त हवंच असेल तर आपल्याकडे ते पंचांगातच मिळतं. दहा रुपये बूट, म्हणजे डावाआधी प्रत्येकानं मध्ये टाकायचे, आणि ब्लाइंड, म्हणजे पानं न बघता लावायचे, जास्तीत जास्त वीस. सासूबाई पानं न बघताच चाल करत होत्या, त्यांना त्यातच मजा. मेव्हण्याच्या दहा वर्षांच्या मुलीला ट्रेल आली, तीन छक्क्या, आणि तिनं सगळ्यांचे मिळून तीनशे रुपये फ्रॉकच्या खिशात घातले. मागच्या वर्षी मामेसासरे जिंकले होते, त्याआधी कोण ते कोणालाच आठवत नव्हतं. पैसा नुसता फिरत होता, आत्याकडून भाच्याकडे, भाच्याकडून आजीकडे.

आणि मला तिथे बसल्या बसल्या पहिल्यांदा शंका आली की कायद्यानं वाटणी उलटी तर केली नाही? नशिबाच्या खेळात आज हरलेला उद्या जिंकतो. कौशल्याच्या खेळात तोच माणूस पुन्हा पुन्हा हरतो, आणि तो हरणार हे समोरच्याला आधी ठाऊक असतं. माझ्या बचावाचा जो मुद्दा, तोच माझ्यावरचा आरोप.

कुस्तीच्या मैदानात जोड लावतात. जत्रेत गावचे जाणते मल्ल बघून, वजन बघून, आधीच्या कुस्त्या आठवून ठरवतात की हा याच्याशी लढेल. नावाजलेला पैलवान गावच्या पोराशी इनामाची कुस्ती धरायला निघाला तर लोक त्यालाच हसतील. पोकरमध्ये जोड नावाची गोष्ट नाही. पैसे आहेत? बसा. उलट मुरलेला खेळाडू आधी टेबलाभोवती फिरून बघतो की कच्चा कोण आहे आणि त्याच्या डाव्या हाताची खुर्ची रिकामी आहे का. कच्च्या खेळाडूला ते 'फिश' म्हणतात. टेबलावर तीसेक मिनिटं बसून फिश कोण ते कळलं नाही, तर तो तूच, असा एक विनोद पोकरवाल्यांत चालतो. विनोद म्हणून आम्हीही तो सांगायचो.

मग बिनपैशांचं खेळा की, असं माझी बायको म्हणाली. आम्ही खरंच एकदा खेळलो, काड्यापेटीतल्या काड्या घेऊन. अर्ध्या तासात पोकर मेला. सगळे सगळ्याला हो म्हणत होते, पानं काहीही असोत. कारण ब्लफ म्हणजे थापच, आणि थाप पकडायला जाऊन चुकलो तर काही गमावलं पाहिजे, तरच त्या थापेला वजन. ब्रिजचं असं नाही. ब्रिज पूर्ण बुद्धीचा, पैशाविना शतकभर चाललाय. 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी त्यात भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. पोकरला मात्र बोचावं लागतं. हरल्यावर थोडं दुखलं पाहिजे, नाहीतर तो खेळच नाही.

आता हे 'थोडं' किती? दोन हजार रुपये मला थोडे. टेबलावर माझ्याशेजारी बसलेल्याला किती, हे मी विचारत नाही. विचारायची रीतच नाही. पोकरच्या टेबलावर सगळं विचारता येतं, राजकारण, मुलीची दहावी, सासऱ्यांची अँजिओप्लास्टी. 'तुला हे परवडतंय ना?' एवढं विचारलं की तो अपमान. मामाच्या डब्यात ते विचारतच नसत, थेट पान दुमडत.

2022 मध्ये ऑफिसची ट्रिप गोव्याला गेली आणि आम्ही चौघं पणजीच्या धक्क्यावरून छोट्या बोटीनं मांडवीतल्या एका कॅसिनोच्या जहाजावर गेलो. गोव्यानं 1976 चा आपला जुगारबंदीचा कायदा नव्वदच्या दशकात दोनदा सैल केला, आधी पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांसाठी आणि मग पाण्यावरच्या जहाजांसाठी. गंमत म्हणजे महाराष्ट्रानंही 1976 मध्येच कॅसिनोचा कायदा करून ठेवला होता. तो कधी लागूच केला नाही आणि 2023 मध्ये रद्द केला. सत्तेचाळीस वर्षं ब्लाइंड खेळून शेवटी पॅक.

जहाजावरचं पोकर टेबल बघितलं आणि मला आमचं डायनिंग टेबल फारच घरगुती वाटलं. कडेला रेक्झिनची गादी, मऊ. डीलर मुलगी पंचविशीची, पानं पिसायची ती आवाज न करता. तिच्या पुढ्यात टेबलातच एक फट होती, पोस्टाच्या पेटीला असते तशी. प्रत्येक डाव संपला की जमलेल्या ढिगातून एकदोन चिप्स, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्या, उचलायच्या आणि त्या फटीत टाकायच्या. टक्. पुढचा डाव. टक्. हे रेक, म्हणजे कॅसिनोचा वाटा. आपल्याकडच्या अड्ड्यांवर याला नाल म्हणतात. खेळणारे त्या फटीकडे बघत नव्हते. मी बघत बसलो. समजा, नऊ जण प्रत्येकी 5,000 घेऊन बसले, टेबलावर 45,000. डावामागे सरासरी शंभर रुपये फटीत गेले आणि तासाला तीस डाव झाले, तर तासाला 3,000. आठ तासांत 24,000. म्हणजे पहाटेपर्यंत अर्ध्याहून जास्त पैसे त्या फटीतून खाली गेलेले असतात आणि वर नऊ जण उरलेल्या पैशांसाठी एकमेकांच्या डोळ्यांत बघत असतात. अशा टेबलावर नुसतं बाकीच्यांपेक्षा बरं खेळून भागत नाही. फटीला पुरवून वर उरेल इतकं खेळावं लागतं, आणि ते इतरांपैकी कोणीतरी भरावं लागतं.

माझ्यासमोर एक मुलगा होता, पंचवीस-सव्वीसचा, हुडी घातलेला. तीन वेळा उठून तीन वेळा चिप्स घेऊन आला. तिसऱ्यांदा त्याचा ढीग माझ्याकडे आला. मी काय केलं? मान हलवून 'वेल प्लेड' म्हणालो. तो कोण, कुठला, ते पैसे कशाचे, मला काही माहीत नाही आणि माहीत नसल्यानं त्या रात्री झोप छान लागली. मामाचं वाक्य आठवा. आमच्यात कोण घेतंय ते दिसतं, असं तो म्हणाला होता. कोणाकडून घेतोय ते दिसणं, हा त्याचाच दुसरा अर्धा भाग. जहाजावर पहिला अर्धा होता, दुसरा नव्हता.

तिथेच एका वेटरकडून कळलं की तो म्हापशाचा, पण कॅसिनोत खेळायला त्याला परवानगी नाही. 2020 पासून गोवेकरांना कॅसिनोत जुगार खेळायला मज्जाव आहे, पाहुण्यांना मोकळीक. तेव्हा मी हसलो होतो. सरकारी भाषेत इतकी प्रांजळ कबुली क्वचित सापडते. हे हानिकारक आहे हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून आमच्या पोरांना आम्ही यापासून लांब ठेवलंय, तुम्ही या. खजिनदारांची वही आणि हा नियम यांत एक साम्य आहे, दोन्हीत आपल्या माणसाचा विचार आहे. फरक एवढाच की मामाच्या डब्यात वहीच्या बाहेर कोणी नव्हतं.

मोबाइलवरच्या खेळाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात समोर माणूसच नसतो, असतं ते एक टोपणनाव आणि वाघाचं चित्र. तिथली फट डोळ्यांनाही दिसत नाही. जाहिरातीत क्रिकेटपटू बोलून झाले की शेवटच्या दोन सेकंदांत कोणीतरी दम न घेता म्हणायचं, यात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा. जबाबदारी कोणाची? तुमची, तुमच्यापुरती. समोरच्याबद्दल त्या वाक्यात अक्षर नाही. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं कायदा करून पैशाचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले, आणि त्यात कौशल्य की नशीब हा जुना वाद सरळ बाजूला ठेवला. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याच्याच महिनाभर आधी विधान परिषदेत बसलेल्या राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमीचा डाव दिसत असल्याची चित्रफीत गाजली होती. आपण खेळत नव्हतो, मध्येच आलेलं ते घालवत होतो, असं त्यांनी सांगितलं. पुढे त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं मिळालं. रमी कौशल्याचा खेळ असल्याचं 1968 पासूनच ठरलेलं असल्यानं मला तरी त्यात विसंगती दिसली नाही.

असो. माझ्या टेबलावर फट नव्हती, जाहिरात नव्हती, टोपणनावं नव्हती. सहाही जणांची मुलं माझ्या मुलीबरोबर वाढलेली. म्हणून मी निश्चिंत होतो.

त्यातला एक दर शनिवारी चितळ्यांची बाकरवडी घेऊन यायचा. खेळायला कच्चा, स्वभावाला गोड. चार वर्षांचा हिशेब काढला तर सगळ्यांत मोठा लाल आकडा त्याचा. त्याचं एक गुपित मला दुसऱ्याच वर्षी सापडलं होतं. चामडी पट्ट्याचं घड्याळ वापरायचा, आणि थाप मारत असला की उजव्या हातानं तो पट्टा मनगटावर अर्धा इंच वर सरकवायचा. पानं खरंच चांगली असली की हात स्थिर. पोकरमध्ये याला 'टेल' म्हणतात आणि असं काही सापडलं की ते जिवापाड जपतात. मीही जपलं. शर्टाचं बटण चुकीच्या काजात गेलं असतं तर मी त्याला जिन्यातच सांगितलं असतं. दाताला मेथी लागलीय हे सांगितलं असतं. पट्ट्याचं दोन वर्षांत एकदाही सांगितलं नाही. बाकरवडी खात खात मी त्या पट्ट्याकडे बघायचो.

संक्रांतीनंतर त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं. बायकोला न्यायला गेलो आणि बूट न काढता दारातच उभा राहिलो. त्याची बायको तिळगूळ घेऊन बाहेर आली. म्हणाली, "भाऊजी, आत या की." मग आवाज खाली करून, "तुम्हाला सांगायचंच होतं. ते शनिवारचं काम तुम्ही ह्यांना मिळवून दिलंत, फार आधार झाला हो. नोकरी गेल्यापासून तेवढंच आहे. परवाच्या शनिवारचे पाच हजार दिले ह्यांनी, तेव्हा कुठे हे सगळं करता आलं." आणि तिनं मागे हॉलकडे हात केला. तिथे वाणाचे स्टीलचे डबे रांगेनं मांडून ठेवले होते.

त्याची नोकरी गेलेली मला माहीत नव्हती. टेबलावर कोणालाच नव्हती. मी "हो हो" असं काहीतरी म्हणालो, तिळगूळ तोंडात घातला.

घरी येऊन एक्सेल उघडलं. त्याच्या नावावर फिल्टर लावला. गेल्या पाच महिन्यांतले सतरा शनिवार, त्यातले तीन हिरवे, चौदा लाल. एकूण उणे 46 हजार 500. ज्या शनिवारचे पाच हजार त्यानं घरी दिले होते, त्या शनिवारी त्याच्यापुढे लाल अक्षरात 3,800 होते. म्हणजे पाच हजार कुठून तरी काढून घरी दिले, आणि त्याच रात्री 3,800 आम्हाला. त्या रात्रीचा शेवटचा मोठा डाव मला आठवत होता. त्यानं सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या होत्या आणि घड्याळ सरकवलं होतं. मी हातातल्या साध्या जोडीवर त्याला पकडलं होतं, बाकीचे "कसं काय बुवा ओळखलंस" म्हणाले होते, आणि मी खांदे उडवले होते.

पुढच्या शनिवारी मी ग्रुपवर लिहिलं की पाठ धरलीय. त्यापुढच्या शनिवारी मुलीची परीक्षा. मग कोणी विचारेनासं झालं. बनातीचा तुकडा आता इस्त्रीच्या टेबलावर आहे. खरं सांगायला धीर झाला नाही, आणि तेव्हा मला वाटलं की टेबल बंद करून मी मोठी जबाबदारीची गोष्ट केली. डब्यातले ते काका खूप नंतर आठवले. खजिनदारांनी त्यांची वही बंद केली होती, जागा ठेवली होती. मी वहीचं नाव न काढता त्याची जागाच काढून घेतली. पाच महिने घरी खोटं बोलून का होईना, आठवड्यातून एक रात्र तो नोकरी असलेल्या माणसांसारखा बसत होता. तेही गेलं.

एक पक्कं झालं. ज्याचं पाकीट आपल्याला माहीत नाही त्याच्याशी पैशानं खेळणं मला आता जमणार नाही. आणि ज्याचं माहीत आहे, त्याच्याशी खेळताना पट्ट्याकडे बघणं जमणार नाही. या दोन्हींच्या मध्ये पोकर खेळायला किती जागा उरते ते मी अजून मोजलेलं नाही. दुसरी बाजूही आहे, ती त्यानंच मला सुनावली.

आठ महिन्यांनी त्याला नोकरी लागली, आधीपेक्षा लहान कंपनीत. पौड रोडवर एका टपरीवर भेटलो. मी पाकिटात 46,500 घालून नेले होते. चहा येईपर्यंत थांबलो आणि पाकीट बाकड्यावर त्याच्याकडे सरकवलं. त्यानं उघडून पाहिलं, आकडा कळला त्याला, आणि चेहरा असा झाला की मी घाईघाईनं बोलायला लागलो, अरे मला माहीत नव्हतं, माहीत असतं तर.

"माहीत असतं तर काय?" तो म्हणाला. "बसवलं नसतंस?"

मी गप्प.

"मी काय लहान आहे का? हरलो ते हरलो. हे घेतलं तर मग मी चार वर्षं तुमच्यात खेळत होतो का तुम्ही मला खेळवत होतात?" पाकीट त्यानं परत माझ्याकडे ढकललं. रागानं नव्हे, शांतपणे, डाव सोडताना पानं पुढे सरकवतात तसं. मग बशीत चहा ओतला. तो अजून बशीनंच पितो.

थोड्या वेळानं नोकरीचं, मुलाच्या क्लासचं बोलून झालं. उठताना त्यानं विचारलं, "एक सांग. तू मला दर वेळी पकडायचास. तुला कळायचं कसं रे?"

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. दोन वर्षं जपलेलं, आता त्याचा कोणालाच उपयोग नव्हता.

"कसलं कळायचं," मी म्हणालो. "पानं चांगली यायची माझी."

त्यानं माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "हां, असेल," म्हणाला. आणि उजव्या हातानं घड्याळाचा पट्टा मनगटावर अर्धा इंच वर सरकवला.